परतीचा पाऊस आणि पुणे जिल्हा: सप्टेंबरअखेर ते दिवाळी, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा लागला की प्रश्न तेच असतात, विचारणारे बदलतात. सोयाबीन काढावं की थांबावं? मांडवावर पत्रा टाकावा की कापडावर भागेल? ऑफिसातून चारला निघावं की पाऊस होऊन जाऊ द्यावा? खालची उत्तरं पुणे शहर, पिंपरी-चिंचवड, मावळ-मुळशीचा घाटपट्टा आणि शिरूर-दौंडपासून इंदापूरपर्यंतचा पूर्वेकडचा भाग डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत. सोलापूर, अहिल्यानगर आणि साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यालाही ती बरीचशी लागू पडतील. कोकणाला कमी, विदर्भाला त्याहून कमी.

आजचा अंदाज इथे मिळणार नाही. तो रोज बदलतो आणि तसा बदलायलाच हवा. तो वाचायचा कसा, एवढंच इथे आहे.

मान्सून परत निघाला म्हणतात, मग आमच्याकडे अजून पाऊस कसा?

कारण तो निघाला आहे राजस्थानातून. माघारीची सुरुवात पश्चिम राजस्थानातून होते आणि तिची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर आहे. मुंबईतून मान्सून जाण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर, आपल्याकडची त्याच सुमाराची, आणि संपूर्ण देशातून १५ ऑक्टोबर. म्हणजे ‘मान्सूनची माघार सुरू’ ही बातमी आल्यावर पुण्याला निदान तीन आठवडे छत्री जवळ ठेवावी लागते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटतं की पूर्वी पाऊस लवकर जायचा. ते अगदीच चूक नाहीत. हवामान खात्याने २०२० मध्ये या तारखा बदलल्या. त्याआधीच्या तक्त्यात राजस्थानासाठी १ सप्टेंबर आणि मुंबईसाठी २९ सप्टेंबर होती. नवा तक्ता १९७१ ते २०१९ या काळातल्या नोंदींवर बेतलेला आहे. तेव्हा दसऱ्याला पाऊस आला तर ‘अवकाळी’ म्हणून कपाळाला हात लावायचं कारण नाही. तो बहुधा वेळेतच आलेला असतो.

माघार झाली हे ठरवतात कसं? पाऊस थांबला की झालं?

नाही. उत्तर-पश्चिम भारतासाठी तीन गोष्टी एकत्र पाहतात: सलग पाच दिवस पाऊस नसणं, वातावरणाच्या खालच्या थरात प्रतिचक्रवात (जास्त दाबाभोवती फिरणारे वारे) तयार होणं, आणि हवेतली आर्द्रता स्पष्टपणे घटणं. पुढे ती रेषा दक्षिणेकडे सरकवताना कोरडी हवा आणि भागांची सलगता बघतात. एका गावात चार दिवस ऊन पडलं म्हणून तेवढ्यापुरता मान्सून गेला, असं होत नाही.

माघार जाहीर झाल्यावरही पाऊस पडू शकतो. तो मग मान्सूनचा धरत नाहीत एवढंच. भिजायला दोन्ही सारखेच.

हा पाऊस नेहमी दुपारनंतरच का येतो?

जुलैतला पाऊस अरबी समुद्रावरून येणाऱ्या पश्चिमेच्या वाऱ्याचा असतो. तो घाटावर आदळतो आणि दिवसरात्र झिरपत राहतो. सप्टेंबरअखेर हा वारा मंदावतो, आकाश उघडं पडतं आणि सकाळी चांगलं ऊन पडतं. जमीन मात्र चार महिन्यांच्या पावसाने ओलीच असते. ती तापली की दमट हवा वर उठते आणि दुपारी दोन-तीनपर्यंत उभे, कोबीसारखे ढग चढू लागतात. त्यांचे माथे दहा-बारा किलोमीटरच्या वर जातात. मग गार वाऱ्याचा झोत, धूळ, वीज आणि तासाभराचा धुवांधार पाऊस. रात्री नऊपर्यंत पुन्हा चांदणं.

दिशाही बदलते. या दिवसांत वरच्या थरातले वारे पूर्वेकडून वाहू लागलेले असतात, त्यामुळे ढग बऱ्याचदा दौंड-सासवडच्या बाजूने शहरावर येतात. जुलैत पुणेकर सिंहगडाकडे बघून पाऊस ओळखतो. ऑक्टोबरात मान वळवून हडपसर-दिवे घाटाकडे बघावं. दुपारी तिकडे आकाश काळंनिळं झालं असेल आणि सकाळपासून घामाच्या धारा लागल्या असतील, तर वाळत घातलेले कपडे आत घ्या. कुठलंही अॅप उघडायची गरज नाही.

आज आमच्या भागात पडेल का? नेमकं सांगा ना.

सकाळी आठ वाजता हे कोणीही नेमकं सांगू शकत नाही, आणि जो सांगतो तो अंदाज देत नाही, पैज लावतो. असे ढग कढईतल्या लाह्यांसारखे असतात. कढई तापली आहे, लाह्या फुटणार, हे नक्की सांगता येतं. कोणता दाणा आधी फुटेल, ते नाही. एका ढगाचा जोरदार पाऊस पाच-दहा किलोमीटरच्या पट्ट्यात पडतो. शिवाजीनगरच्या वेधशाळेत पन्नास मिलिमीटर आणि लोहगावला नुसता शिडकावा, किंवा बरोबर उलटं, हे या मोसमात नेहमीचंच.

नेमकेपणा हवा असेल तर वेळ कमी करावी लागते. ढग तयार झाल्यावर रडारवर तो दिसतो आणि हवामान खातं पुढच्या तीन तासांसाठी जिल्हावार तात्कालिक इशारा देतं. या काळात हाच सगळ्यांत उपयोगी इशारा आहे, आणि लोक नेमका तोच बघत नाहीत. सकाळी एकदा पाच दिवसांचा अंदाज वाचतात, संध्याकाळी भिजतात आणि रात्री खात्याला शिव्या घालतात.

‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ म्हणजे नक्की किती ठिकाणी?

हे शब्द सहज वापरलेले नसतात, त्यांना मोजमाप आहे. विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’. २६ ते ५० टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’. ५१ ते ७५ म्हणजे ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्यापुढे ‘बहुतेक सर्व ठिकाणी’. बातमीत शब्दांची थोडी अदलाबदल होते, क्रम मात्र हाच.

म्हणजे तुरळक ठिकाणी पावसाचा अंदाज आला आणि तुमच्या गावात थेंबही पडला नाही, तर अंदाज चुकला असं नाही. चारातल्या तीन गावांत न पडणं त्या अंदाजातच धरलेलं होतं. दुसऱ्या बाजूने, ज्या एका गावात पडला तिथे तो ‘तुरळक’ वाटत नाही. शब्द ठिकाणांची संख्या सांगतो. पावसाचा जोर वेगळा वाचावा लागतो.

यलो अलर्ट आला की शाळा-ऑफिस सोडून घरी बसायचं का?

नाही. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. परतीच्या पावसात पिवळा रंग बहुतेक वेळा विजा आणि सोसाट्याच्या वाऱ्यासाठी असतो, फार पावसासाठी नव्हे. ऑक्टोबरात जिल्हा सलग चार-पाच दिवस पिवळा दिसू शकतो आणि त्यातल्या दोन दिवशी तुमच्याकडे कडक ऊन असू शकतं.

आणखी एक बारकावा. पुणे जिल्ह्यासाठी घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिलेला असतो. लोणावळा-ताम्हिणीसाठीचा नारिंगी रंग बारामतीला लागू नसतो. ‘पुण्याला ऑरेंज अलर्ट’ असा मथळा दिसला की आत घाट लिहिलंय का ते आधी पाहा. मथळे लिहिणाऱ्यांना तेवढी जागा नसते.

६० मिलिमीटर म्हणजे जास्त की कमी?

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पडला तर नऊ हजार लिटरहून जास्त पाणी पडतं, जवळजवळ एक टँकर.

खात्याच्या भाषेत २४ तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर हा मध्यम पाऊस, ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अतिजोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. पण हे आकडे २४ तासांचे आहेत, आणि परतीच्या पावसाचं दुखणं तिथेच आहे. साठ मिलिमीटर जुलैत दिवसभर पडला तर कोणी दखलही घेत नाही. तोच ऑक्टोबरात पाऊण तासात पडला तर सिंहगड रस्त्यावर दुचाकी वाहतात. कागदावर दोन्ही ‘मध्यम’. म्हणून या दिवसांत किती पडणार यापेक्षा कधी आणि किती वेळात पडणार, हे आधी विचारावं.

हा आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. काल संध्याकाळचा पाऊस आजच्या तारखेला नोंदलेला दिसतो तो यामुळे. त्यावरून भांडणं होतात, म्हणून सांगून ठेवलं.

मोबाईलमधलं अॅप ‘पावसाची शक्यता ६० टक्के’ म्हणतं. विश्वास ठेवावा का?

ठेवावा, पण नेमका कशावर ते बघून. फोनमधली बहुतेक अॅपं एखाद्या जागतिक संगणकीय प्रारूपाचं उत्तर तुमच्या गावाच्या नावाखाली दाखवतात. त्या प्रारूपाची चौकट, म्हणजे ज्याला ते एकच उत्तर देतं तो नकाशावरचा चौकोन, दहा-बारा किलोमीटरची असेल, तर कोथरूड आणि औंध त्याच्या लेखी एकच. दुपारी चारच्या खाली ढगाचं चित्र आणि पाचच्या खाली सूर्य दिसला, तर त्याचा अर्थ दुपारनंतर केव्हातरी, इतकाच घ्या.

भारतीय हवामान खात्याकडे मे २०२५ पासून सहा किलोमीटर चौकटीची अंदाजाची नवी प्रणाली आहे. ती पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत विकसित झाली. चौकट बारीक झाली की घाट आणि पठार यांतला फरक जास्त नीट पकडता येतो. एकेकट्या ढगाची गोष्ट मात्र त्यानेही पूर्ण सुटत नाही.

किती दिवस पुढचं खरं मानायचं?

पहिले दोन-तीन दिवस भरवशाचे. चौथा-पाचवा दिवस कल म्हणून घ्यावा: पाऊस वाढतोय की ओसरतोय. आठवड्यापलीकडे फक्त झुकाव कळतो, म्हणजे सरासरीपेक्षा जास्त की कमी. त्यासाठी खातं दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढतं. दिवाळीच्या खरेदीचा दिवस त्यावरून ठरवता येत नाही. द्राक्षांची छाटणी आठवडाभर पुढे ढकलावी का, याचा विचार करता येतो.

‘१४ ऑक्टोबरला दुपारी या या तालुक्यांत मुसळधार’ असं वीस दिवस आधी छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओ दरवर्षी फिरतात. दहा तारखा सांगितल्या की दोन लागतातच, आणि लोकांच्या लक्षात तेवढ्याच दोन राहतात.

बंगालच्या उपसागरात कमी दाब झाला की आमचे शेतकरी का धास्तावतात? समुद्र तर तिकडे आहे.

या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. दुपारचा ढग एका गावाला झोडपतो. उपसागरातून आलेली कमी दाबाची प्रणाली चार जिल्ह्यांना झोडपते.

सप्टेंबर-ऑक्टोबरात उपसागराचं पाणी गरम असतं आणि तिथे एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात. त्यातलं एखादं आंध्रच्या किनाऱ्यावर चढून पश्चिमेकडे चालू लागलं, की वाटेत तेलंगणा, मराठवाडा, सोलापूर आणि मग आपण. जमिनीवर आल्यावर त्याचा वारा मोडतो, पाऊस मोडत नाही. उलट अरबी समुद्राकडूनही ओलावा ओढला जातो.

ऑक्टोबर २०२० आठवून पाहा. १३ तारखेला काकिनाड्याजवळ किनारा ओलांडलेली प्रणाली हैदराबादला बुडवून पुढे आली. १४ तारखेला सोलापूर, पंढरपूर, इंदापूर, बारामतीत पाऊस कोसळला. काढणीला आलेलं पीक पाण्यात गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी गुलाब चक्रीवादळ २६ सप्टेंबरला पूर्व किनाऱ्यावर आलं. त्याच्या उरलेल्या भागाने मराठवाड्यात पूर आणले, मग तो देश ओलांडून अरबी समुद्रात उतरला आणि तिथे शाहीन या नव्या नावाने उभा राहून ओमानला जाऊन धडकला. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी सीना नदीने करमाळा, माढा, मोहोळकडे काय केलं, ते ताजं आहे.

यात एक बरी बाजू आहे. दुपारच्या ढगासारखी ही प्रणाली अचानक उगवत नाही. उपसागरात ती दिसल्यापासून आपल्यापर्यंत यायला बहुधा तीन-चार दिवस मिळतात. बातमीत ‘कमी दाबाचं क्षेत्र’ दिसलं की दोन गोष्टी बघा: ते आंध्रच्या किनाऱ्याकडे आहे की ओडिशा-बंगालकडे, आणि पुढचा मार्ग पश्चिमेचा आहे की उत्तरेचा. उत्तरेकडे वळलं तर आपल्याला फारसं काही नाही. आंध्रकडून पश्चिमेला निघालं तर काढणी, वाहतूक, मांडव, सगळं त्या हिशेबाने हलवा.

अरबी समुद्रातली वादळंही ऑक्टोबर-नोव्हेंबरात उठतात. २०१९ मध्ये क्यार आणि पाठोपाठ महा आलं. दोन्ही आपल्या किनाऱ्यावर थेट आली नाहीत, तरी त्या काळातल्या पावसाने राज्यभर उभी आणि काढलेली पिकं सडली.

२५ सप्टेंबर २०१९ ला पुण्यात धरणफुटी झाली होती का?

नाही, आणि ही अफवा अजून जिवंत आहे. त्या रात्री कात्रज आणि शहराच्या दक्षिण भागावर काही तास जबरदस्त पाऊस झाला. आंबिल ओढ्याला पूर आला आणि अरण्येश्वर, सहकारनगर, टांगेवाला कॉलनी या भागांत घरं, गाड्या, माणसं वाहून गेली. नदीशी त्याचा संबंध नव्हता. ओढ्याच्या काठी राहणाऱ्यांना धरणाच्या विसर्गाच्या बातम्या पुरेशा नसतात. त्यांनी डोंगराकडचा पाऊस बघावा लागतो, आणि त्याला हाताशी मिळणारा वेळ तासाभराचा असतो. ४ ऑक्टोबर २०१० च्या संध्याकाळी पाषाण भागात झालेला प्रकारही याच जातीचा.

वर लख्ख ऊन, मग मुठेला पाणी कसं वाढलं?

टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही साखळीतली धरणं सप्टेंबरअखेर सहसा भरलेली असतात. जुलैत धरणात रिकामी जागा असते, आता नसते. वर घाटात रात्री पाऊस झाला की जेवढं येईल तेवढं खाली सोडावं लागतं, आणि सकाळी शहरात ऊन असताना भिडे पूल पाण्याखाली जातो. बातमीतला १०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर. हे पाणी भीमेतून उजनीत जातं, आणि उजनीही भरलेली असेल तर पंढरपूरच्या वाळवंटात. म्हणून मुळशीतला पाऊस पंढरपूरकरांनीही वाचायचा असतो.

सोयाबीन, भात, द्राक्षं: आता काय करावं?

पिकाचा सल्ला कृषी विद्यापीठाकडून घ्यावा. हवामान खातं आणि विद्यापीठं मिळून दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हावार कृषी हवामान सल्ला काढतात. आपला जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. मेघदूत अॅपवर तो सल्ला मराठीत मिळतो. इथे फक्त हवामानाच्या बाजूने चार गोष्टी.

सोयाबीन पक्व झालं असेल तर सलग तीन कोरडे दिवस दिसताहेत का, ते पाहून कापणी धरा. कापलेलं रानात पसरून ठेवण्यातच खरा धोका आहे. उभ्या पिकापेक्षा आडवं पडलेलं लवकर सडतं आणि शेंगेतच मोड येतात. दिवस उघडा असला तरी दुपारी दोनच्या आत गंजी लावून ताडपत्री टाकावी, खालच्या बाजूने पाणी शिरणार नाही अशी. मजूर चारला चहा घेऊन मग झाकू म्हणतात. चारला उशीर झालेला असतो.

मावळ-मुळशीच्या भाताला पावसापेक्षा वाऱ्याची भीती जास्त. दाणा भरलेली लोंबी जड असते, वादळी वाऱ्यात पीक लोळतं. काढणीच्या आठ-दहा दिवस आधी खाचरातलं पाणी काढून दिलेलं बरं.

नारायणगाव-जुन्नरच्या द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी हा तर खरा जुगार. छाटणीनंतर कोवळी फूट आणि घड बाहेर पडत असताना पाऊस झाला की डाऊनी हा बुरशीजन्य रोग आणि घडकूज. लवकर छाटली तर बाजारभाव चांगला, पण पाऊस अंगावर. सगळी बाग एका तारखेला न छाटता टप्प्याटप्प्याने छाटणारे बागायतदार निम्मी जोखीम तिथेच कमी करतात. कांद्याची रोपवाटिका गादीवाफ्यावरच असावी, सपाट वाफ्यात साचलेलं पाणी रोपांना पुरत नाही असं नाही, पुरून उरतं.

आता दुसरी बाजू, जी शहरातल्या बातम्यांत येत नाही. शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर हा पर्जन्यछायेचा पट्टा. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो, इथे पाचशेच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरचा असतो. सोलापुरात तर वर्षातला सर्वाधिक पावसाचा महिना सप्टेंबरच. या भागाला परतीचा पाऊस नको असतो, असं म्हणणं म्हणजे रब्बीच्या ज्वारीला विचारलंच नाही. पेरणी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. त्याआधी दोन चांगले पाऊस आणि मग वाफसा, एवढंच तिचं मागणं. पुण्यात ‘जा आता’ आणि इंदापुरात ‘अजून एक’, दोन्ही एकाच दिवशी ऐकू येतं.

नुकसान झालंच तर पंचनाम्यासाठी तलाठी आणि कृषी सहायकांना लगेच कळवा, तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा. पीकविम्याचे नियम हंगामागणिक बदलले आहेत. गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका.

नक्षत्रांवरून पाऊस सांगतात, त्यात तथ्य आहे का?

सूर्य साधारण २७ सप्टेंबरला हस्तात जातो, १० ऑक्टोबरच्या सुमारास चित्रात आणि २४ च्या सुमारास स्वातीत. हे दिनदर्शिकेचेच वेगळे विभाग आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची निरीक्षणं त्यांना बांधलेली आहेत. हस्ताचा पाऊस गडगडाटी आणि रब्बीला लागणारा, हे अनुभवाशी जुळतं. पाटावर हत्ती काढून हादगा खेळतात तो याच दिवसांत. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती’ ही म्हण कोरडवाहू रब्बीच्या पट्ट्यात पटते. काढणीला आलेल्या भाताच्या खाचरात उभं राहून कोणी म्हणणार नाही.

नक्षत्राचं वाहन म्हैस की उंदीर यावरून यंदाचा पाऊस सांगणं मात्र मनोरंजन. सरासरी काय असते ते नक्षत्र सांगतं, यंदा काय होईल ते नाही.

ऑक्टोबर हीट कधी सुरू होणार?

पाऊस थांबून आकाश निरभ्र झालं की तीन-चार दिवसांत. वारा पडलेला, ढगांची सावली गेलेली, जमिनीत ओल आणि म्हणून हवेत दमटपणा. पावसाळ्यात २७-२८ अंशांची सवय झालेल्या शरीराला पुण्यातले ३२-३३ मार्चच्या ३५ पेक्षा जड जातात. मुंबईत याहून वाईट. तिथे पूर्वेचे वारे समुद्रावरून येणारा वारा दुपारपर्यंत अडवून धरतात आणि पारा ३५ च्या पुढे जातो. ऑक्टोबर हीट चालू असताना मध्येच संध्याकाळी पाऊस पडला तर गोंधळू नका. ज्या उष्म्याने तुम्ही हैराण आहात, त्यानेच तो ढग उभा केलेला असतो.

मग थंडी?

महिन्याच्या उत्तरार्धात रात्री आधी बदलतात, दिवस मागून. कोरडं वर्ष असेल तर ऑक्टोबर संपता संपता पहाटेचं तापमान १५-१६ अंशांपर्यंत उतरतं. पाषाण, एनडीए, हवेलीकडे आधी जाणवतं, मगरपट्टा-वडगावशेरीकडे उशिरा. उपसागरात पुन्हा काही शिजलं आणि ढग आले, तर थंडी आठवडाभर मागे जाते.

विजा कडाडताना शेतात किंवा डोंगरावर असलो तर?

वर्षातल्या या दिवसांत पाण्यापेक्षा विजेने माणसं आणि जनावरं दगावण्याची भीती जास्त. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात किंवा काचा बंद असलेल्या चारचाकीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

एकट्या झाडाखाली उभं राहू नका. पाऊस लागतो म्हणून माणूस आंब्याखाली जातो, आणि बातमी नेमकी तिथलीच येते. उघड्या रानात सापडलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका, घोळका करू नका. तारेचं कुंपण, विजेची मोटर, विहिरीची लोखंडी शिडी यांपासून दूर. भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी अॅप आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजेचा इशारा देतं. मेंढपाळ आणि शेतमजुरांच्या मुकादमाच्या फोनमध्ये ते टाकून द्या.

या शनिवार-रविवारी ट्रेक किंवा कास पठार जमेल का?

जमेल, पण पहाटे निघा आणि दुपारी दोनच्या आत उघड्या माथ्यावरून खाली या. कडे कोरडे दिसले तरी शेवाळ अजून गेलेलं नसतं. कासला फुलं असतील का, हा प्रश्न हवामानाचा कमी आणि गर्दीचा जास्त.

कोजागरीला चंद्र दिसेल का?

संध्याकाळच्या ढगांची एक चांगली सवय असते. सूर्य मावळल्यावर त्यांचा दम संपतो आणि रात्री अकरापर्यंत आकाश बरंच मोकळं होतं. दूध उशिरा आटवा. उपसागरात प्रणाली असेल तर मात्र घरातच प्या.

पाऊस सरासरीच्या ११० टक्के झाला म्हणतात, त्यात ऑक्टोबरचा धरतात का?

नाही. मान्सूनचा हिशेब १ जून ते ३० सप्टेंबर. १ ऑक्टोबरपासूनचा पाऊस मान्सूनोत्तर खात्यात जातो, मान्सून प्रत्यक्षात आपल्या डोक्यावर असला तरी.

रोज बघायचं तर काय, आणि कधी?

सकाळी हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज, रंगासकट. दुपारी दोननंतर तीन तासांचा तात्कालिक इशारा आणि जमलं तर रडारचं चित्र. मौसम अॅपवर दोन्ही आहेत. दर दोन-तीन दिवसांनी उपसागराकडे एक नजर. नदीकाठी राहत असाल तर जलसंपदा विभागाच्या विसर्गाच्या सूचना. अडचणीच्या वेळी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७.